बालगृहातील सेवा : जाणे आणि परत जाणे

(वलगाव येथील कार्यक्रमात केलेले भाषण)



मी पेशाने बँकेतला लिपिक आहे. काउंटरवर बसून लोकांच्या पैशांचा हिशेब ठेवणे हे माझे काम. भाषण करणे हा माझा प्रांत नव्हे. संस्थेच्या कार्यकर्त्यांनी 'सेवा या विषयावर तरुणांपुढे बोला' असा आग्रह धरला, तेव्हा मी दोन-तीनदा नाही म्हटले. शेवटी एका अटीवर कबूल झालो. उपदेश करणार नाही, माझ्या हातून जे चुकले आणि त्या चुकीतून जे कळले तेवढेच सांगेन, अशी ती अट. तेव्हा आपण मला थोडे सांभाळून घ्यावे, ही विनंती.

विषय सुचला तो घरातूनच. माझ्या थोरल्या भावाची मुलगी पुण्याला एका संगणक कंपनीत नोकरी करते. गेल्या उन्हाळ्यात ती गावी आली होती. जेवणे झाल्यावर तिने मला मोबाईलवर एक जाहिरात दाखवली. एका परक्या देशातले बालगृह. तिथे दोन आठवडे राहायचे, मुलांना इंग्रजी शिकवायचे, त्यांच्याबरोबर खेळायचे आणि शनिवार-रविवारी आसपासचे डोंगर, धबधबे, जुनी देवळे पाहायची. जेवणाखाण्यासह खर्च अमुक इतका. विमानाचे भाडे वेगळे. ती म्हणाली, "काकाजी, नुसतं फिरायला जाण्यापेक्षा हे बरं ना? पुण्यही होईल अन् फिरणंही होईल. तुम्हाले काय वाटते?"

बंधूभगिनींनो, मी तिला हसलो नाही. आपण हसूही नये. ज्या समाजातल्या मुलींना चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी अमरावतीच्या कॉलेजात जायलाही घरचा विरोध पत्करावा लागत होता, त्या समाजातली मुलगी स्वतःच्या कमाईतून परदेशी जाऊन अनाथ मुलांची सेवा करू म्हणते, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण तिच्या प्रश्नाला मला तत्काळ उत्तर देता आले नाही. कारण तिने दाखवलेल्या चित्रात मला माझाच एक जुना फोटो दिसत होता. तो फोटो परदेशातला नव्हता. आपल्या वलगावहून परतवाड्याकडे जाणाऱ्या याच रस्त्याच्या शेवटी काढलेला होता.

आपल्यापैकी पुष्कळांना हा रस्ता पाठ आहे. अमरावतीहून निघालेली एस.टी. वलगावला पेढी नदीवरून जाते. याच पेढीच्या काठी, २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीला नेत असताना, गाडगेबाबांनी शेवटचा श्वास घेतला. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला तेव्हा चौदाच दिवस झाले होते. पुढे आसेगावला पूर्णा नदी लागते. दोन्ही बाजूंना कपाशी, तूर, सोयाबीन. परतवाडा जवळ येऊ लागला की संत्र्याचे बगीचे सुरू होतात आणि समोर सातपुडा निळसर दिसू लागतो. परतवाडा सोडून डोंगराच्या पायथ्याशी गेले की वझ्झर हे गाव येते. तिथे कै. अंबादासपंत वैद्य यांच्या नावाने बेवारस दिव्यांग मुलांचे बालगृह आहे. ते शंकरबाबा पापळकर यांनी तीसहून अधिक वर्षे चालवले आहे. मूळचे पत्रकार असलेले शंकरबाबा हे गाडगेबाबांच्या विचाराचे. २०२४ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरवले, हे आपण वर्तमानपत्रांतून वाचले असेल.

या बालगृहात आलेली मुले कुठली? कोणी रेल्वे स्टेशनवर सोडलेले, कोणी बसस्थानकावर, कोणी कचराकुंडीजवळ. कोणाला ऐकू येत नाही, कोणाला दिसत नाही, कोणाची बुद्धी वयाच्या मागे राहिलेली, कोणाला एकाच वेळी दोन-तीन प्रकारचे अपंगत्व. पोलिसांनी आणि बालकल्याण समित्यांनी महाराष्ट्राच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून आणलेली ही मुले. ज्यांना बापाचे नाव माहीत नाही, त्यांच्या कागदावर बाप म्हणून शंकरबाबांनी आपले नाव लावले. वर्तमानपत्रांतून १२३ मुलांचा हा बाप, असा त्यांचा उल्लेख येत राहिला. बालगृहाभोवतीच्या उजाड माळावर या मुलांच्या हातांनी हजारो झाडे उभी राहिली आहेत. ज्यांना धड चालता येत नाही अशा मुलांनीही त्या झाडांना पाणी घातलेले आहे.

मी तिथे पहिल्यांदा गेलो २०१२ साली. त्याआधी चिखलदऱ्याला जाताना याच बाजूने दोन-तीनदा गेलो होतो. पण तेव्हा मान वळवून पाहिले नव्हते. बँकेतल्या काही सहकाऱ्यांनी वर्गणी काढली, बिस्किटांचे खोके, वह्या, काही कपडे घेतले आणि एका रविवारी आम्ही गाडी करून निघालो. बॅनरही नेले होते, हे मी लपवत नाही. मुलांना रांगेत बसवून वाटप केले, फोटो काढले. दुपारी सापन धरणाकडे जाऊन आलो, संध्याकाळी परतवाड्याला चहा-भजी खाल्ली आणि रात्री घरी. मनाला फार बरे वाटले. दुसऱ्या दिवशी बँकेत मी चार लोकांना फोटो दाखवले.

आता चूक सांगतो. त्या दिवशी सात-आठ वर्षांचा एक मुलगा माझ्या मागे मागे फिरत होता. त्याला ऐकू येत नव्हते, बोलता येत नव्हते. त्याने माझे बोट धरले ते निघेपर्यंत सोडले नाही. त्याने मला त्याची झाडे दाखवली. एका झाडाला हात लावून स्वतःच्या छातीवर हात ठेवायचा, म्हणजे हे माझे. निघताना तो गाडीजवळ उभा राहिला. माझ्याच्याने राहवले नाही. मी दोन्ही हातांची ओंजळ करून पणतीची खूण केली आणि फटाका फुटल्याची खूण केली. म्हणजे दिवाळीला येतो. त्याने ती खूण बरोबर ओळखली. त्यानेही ओंजळ केली आणि हसला.

दिवाळीला मी गेलो नाही. त्या वर्षी पाहुणे आले. त्यानंतर मार्चअखेरची कामे, मग ऑडिट, मग माझी बदली झाली. ही सगळी कारणे खरी होती. बँकेत चेक परत करताना आपण मेमोवर कारण लिहितो. कारण कितीही खरे असले तरी चेक वटत नाही, एवढे कोणत्याही लिपिकाला कळते.

मी पुन्हा गेलो ते चौदा महिन्यांनी, एका साहेबांना बालगृह दाखवायला. तो मुलगा मला लांबूनच दिसला. थोडा उंच झाला होता. तो चालत माझ्यासमोर आला, माझ्याकडे पाहिले, दोन्ही हातांची ओंजळ केली, पणतीची. मग ती ओंजळ सोडली आणि झाडांना पाणी घालायला निघून गेला. रडला नाही, रुसला नाही. त्याने फक्त मला आठवण करून दिली.

घरी येऊन मी ही गोष्ट माझ्या म्हातारीला सांगितली. तिचे शिक्षण नाही, आयुष्य शेतमजुरीत गेले. ती म्हणाली, "लेकराले येतो मनून सांगतलं असन, तं जाच लागते बापू. नाई तं सांगू नये." यापलीकडे सेवेच्या विषयावर मला आजवर कोणी काही शिकवलेले नाही.

मित्रांनो, घरात वाढणाऱ्या मुलाला आई कामावर गेली तर ती संध्याकाळी परत येईल, हे माहीत असते. त्या भरवशावर ते खेळते, जेवते, झोपते. बालगृहातल्या मुलाच्या आयुष्याची सुरुवातच कोणीतरी निघून जाण्याने झालेली असते. त्यामुळे नवा माणूस आला की ते मूल लगेच बिलगते. आपण म्हणतो, किती प्रेमळ आहे! पण दर महिन्याला नवे चेहरे येतात, लाड करतात आणि निघून जातात, तेव्हा त्या मुलाची तीच पहिली जखम पुन्हा उघडी पडते. जाणाऱ्याला गोड आठवणी मिळतात. राहणाऱ्याला काय मिळते, हे विचारण्याची आपल्याला सवय नाही.

हे मी माझ्या एकट्याच्या अनुभवावरून म्हणत नाही. पुतणीने दाखवलेल्या जाहिरातीनंतर आम्ही दोघांनी बसून थोडे वाचन केले. कंबोडिया हा बुद्धाला मानणारा देश. तिथल्या अंगकोरच्या प्राचीन मंदिरांमुळे जगभरचे पर्यटक येतात. युनिसेफच्या माहितीनुसार २००५ ते २०१० या पाच वर्षांत त्या देशातील बालगृहांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढली. मग तिथे पाच वर्षांत अनाथ मुले एवढी वाढली होती काय? तसे नव्हते. त्या बालगृहांतल्या दर चार मुलांपैकी सुमारे तीन मुलांची आई किंवा वडील हयात होते. गरीब आईबापांना सांगितले जाई की मुलाला शिक्षण मिळेल, पोटभर जेवण मिळेल. मूल बालगृहात येई आणि त्याला पाहायला, त्याच्याशी खेळायला परदेशातले लोक पैसे देऊन येत. येणाऱ्यांचे मन निर्मळ होते. पण त्यांच्या पैशामुळे मुलांना घरातून बाहेर काढण्याला किंमत येऊ लागली. नेपाळमध्येही हाच प्रकार आढळला. २०१८ साली ऑस्ट्रेलियात आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा झाला, तेव्हा हा प्रश्न तिथे गंभीरपणे चर्चेला आला. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांविषयीच्या ठरावात अनाथालयांतील अशा स्वयंसेवेमुळे व पर्यटनामुळे होणाऱ्या हानीचा स्पष्ट उल्लेख केला.

याचा अर्थ परदेशी जाऊन केलेली सगळी सेवा खोटी, असा कोणी घेऊ नये. मी तुम्हाला दोन उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण पियेर सेरेझोल यांचे. हे स्वित्झर्लंडचे अभियंते. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेले फ्रान्समधले एक गाव पुन्हा उभे करण्यासाठी त्यांनी १९२० साली वेगवेगळ्या देशांतल्या, कालपर्यंत एकमेकांचे शत्रू असलेल्या लोकांना एकत्र आणले. त्यातून आंतरराष्ट्रीय स्वयंसेवेची चळवळ उभी राहिली. १९३४ साली बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला, तेव्हा सेरेझोल भारतात आले. गावे नव्याने वसवण्याच्या कामात ते आणि त्यांचे सोबती गावकऱ्यांच्या बरोबरीने राबले. ते एकदा येऊन फोटो काढून गेले नाहीत. १९३७ पर्यंत ते पुन्हा पुन्हा येत राहिले.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. इंग्लंडचे धम्मचारी लोकमित्र १९७७ साली नागपूरला आले आणि १९७८ पासून पुण्यात राहून काम करू लागले. 'बहुजन हिताय'च्या वसतिगृहांतून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतली किती मुले-मुली शिकली, हे या सभागृहातल्या काहींना स्वानुभवाने माहीत असेल. पण त्या वसतिगृहांना पैसा कोठून आला, हे थोड्यांना माहीत असते. इंग्लंडमधल्या करुणा ट्रस्टचे कार्यकर्ते तिथल्या गल्ल्यांतून घरोघर फिरत, दारावर थाप मारून भारतातल्या या मुलांसाठी दर महिन्याची छोटी रक्कम मागत. त्यांच्यापैकी अनेकांनी आपले वसतिगृह कधी पाहिलेही नसेल. कोणत्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून फोटो काढला नसेल. ते आपल्याच गावात, आपल्याच भाषेत, थंडीवाऱ्यात लोकांची दारे ठोठावत राहिले. मला वाटते, दूरच्या मुलाची सेवा करण्याची ही फार सभ्य रीत आहे. पैसा दूर जाऊ शकतो, दर महिन्याला जाऊ शकतो. माणसाने मात्र जिथे पुन्हा पुन्हा जाता येईल तिथेच मुलाचे बोट धरावे.

आता मी पुढे काय केले ते सांगतो. १ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी मिळू लागली. तोवर माझी पुन्हा अमरावतीकडे बदली झाली होती. मी ठरवले की दुसरा शनिवार वझ्झरचा. काही न्यायचे नाही, कोणाला घेऊन जायचे नाही, फोटो काढायचा नाही. नुसते जायचे आणि जे काम हाती येईल ते करायचे.

सुरुवातीला माझी फार पंचाईत झाली. मला गाणे येत नाही, खेळ शिकवता येत नाहीत, खुणांची भाषा येत नाही. झाडू मारणे, कपड्यांच्या घड्या घालणे, पाणी भरणे एवढेच. मग हळूहळू कळले की मला एक गोष्ट चांगली येते आणि तिची गरज सगळीकडे आहे. मला फॉर्म भरता येतो. दिव्यांग माणसाचे आयुष्य कागदांवर चालते. अपंगत्वाचे प्रमाणपत्र, आधार, बँकेचे खाते. ज्याला स्वतःचे व्यवहार कळत नाहीत त्याच्यासाठी कायदेशीर पालक लागतो. त्यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती असते, आणि त्या समितीचे पालकत्वाचे प्रमाणपत्र बँकेने खाते उघडताना ग्राह्य धरायचे असते. हे नियम मला नोकरीमुळे माहीत होते. पण ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांना ते कोणी सांगत नाही. तेव्हापासून मी परतवाडा-वलगाव भागातल्या कितीतरी आईबापांना हे कागद करून दिले. तुमच्यापैकी कोणी शिवणकाम जाणतो, कोणी वीजजोडणी, कोणी नर्सिंग. ज्याला जे येते तीच त्याची सेवा. परदेशी जाऊन न येणारी इंग्रजी शिकवण्यापेक्षा ते बरे.

तो मुलगा? पहिले चार-पाच महिने त्याने माझ्याकडे लक्ष दिले नाही. मीही त्याच्या मागे लागलो नाही. पावसाळा संपून झाडांना पाणी द्यायचे दिवस आले. सहाव्या का सातव्या शनिवारी तो एक मोठी बादली घेऊन माझ्यापुढे आला. बादलीची कडी एका बाजूने त्याने धरली आणि दुसरी बाजू माझ्याकडे केली. आम्ही दोघांनी ती बादली त्याच्या झाडापर्यंत नेली. त्या दिवशी एस.टी.त बसल्यावर मला जे वाटले ते पहिल्या दिवशीच्या समाधानापेक्षा निराळे होते. ते मी तुम्हाला शब्दांत सांगू शकत नाही.

आसपासचा मुलूख पाहण्याचा विषय राहिला. पुतणीला त्याचीही हौस होती आणि ती हौस वाईट नाही. मला तर असे वाटते की मुलूख पाहावा तो तिथे काम करता करताच. चिखलदऱ्याला पर्यटक म्हणून गेलो तेव्हा मी गाविलगडचा दरवाजा पाहिला, १८०३ साली इंग्रजांनी तो किल्ला घेतल्याची पाटी-माहिती वाचली, कॉफी प्यालो आणि परत आलो. सातपुडा मला कळला तो पुढे, दर महिन्याच्या फेऱ्यांत. फाल्गुनात डोंगर पळसाने लाल होतो. त्यापाठोपाठ मोह गळू लागतो आणि पहाटे कोरकू बायका टोपल्या घेऊन झाडाखाली वाकलेल्या दिसतात. त्यांची कोरकू भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नाही, ती पूर्वेकडच्या मुंडारी, संथाळी भाषांची नातलग आहे, हे मी एका कोरकू शिक्षकाबरोबर एस.टी.च्या बाकावर बसून ऐकले. वैशाखात सापन नदीचे पात्र दगडांनी भरलेले असते आणि पहिल्या मोठ्या पावसात तेच पात्र ऐकू न येणाऱ्या मुलालाही पायाखालून कळते. तो जमिनीला तळहात लावून मला सांगायचा की वरून पाणी येत आहे. दृष्टी नसलेली एक मुलगी पानाला बोटे लावून झाड ओळखायची. कडुनिंब मला पाहून ओळखता येतो, पण त्याचे पान करवतीसारखे असते हे मी तिच्या बोटांकडे पाहून शिकलो. आपली पेढी काय आणि तिकडची सापन काय, दोन्हींचे पाणी शेवटी पूर्णेच्याच खोऱ्यात उतरते. वलगावच्या पुलावरून जाताना आता मला हे दर वेळी आठवते.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मुख्यतः उभा राहिलो, ती सांगतो. आपल्या कायद्याप्रमाणे मूल म्हणजे अठरा वर्षांपर्यंत. २०१५ च्या बालन्याय कायद्यात अठरा पूर्ण झाल्यावर एकवीसपर्यंत अनुरक्षणाची तरतूद आहे, पण बालगृहाचे दार अठराव्या वर्षी बंद होते. धडधाकट मुलालाही त्या वयात एकट्याने उभे राहणे कठीण. मग ज्याला आपले नाव सांगता येत नाही, जिला दिसत नाही, अशा मुलामुलींनी कोठे जायचे? बेवारस दिव्यांगांना अठरा वर्षांनंतरही त्यांच्या घरातच, म्हणजे बालगृहातच, राहता यावे, यासाठी कायदा करा, ही मागणी शंकरबाबा वर्षानुवर्षे करीत आले आहेत. त्यांनी मोठ्या झालेल्या मुलांना घराबाहेर काढले नाही. मुलींची लग्ने लावली, कोणाला कामाला लावले.

या घरातली माला पापळकर ही दृष्टिहीन मुलगी. तान्ही असताना जळगाव रेल्वे स्टेशनवरच्या कचराकुंडीत सापडलेली. ती या घरात वाढली, अमरावतीला शिकली आणि २०२४ साली महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक परीक्षा उत्तीर्ण झाली. मी स्वतः लिपिक. लिपिकाच्या नोकरीला लोक किरकोळ समजतात, मीही समजत होतो. ती बातमी वाचली त्या दिवशी मी काउंटरवर जरा ताठ बसलो.

पण सगळी मुले परीक्षा देऊ शकणार नाहीत. जी देणार नाहीत त्यांच्यासाठीच आपण लागतो. दोन आठवड्यांचा स्वयंसेवक सात वर्षांच्या गोड मुलासाठी येतो. बावीस वर्षांच्या, दाढी फुटलेल्या, अंथरूण ओले करणाऱ्या मुलासाठी कोण येते? माझा तो मित्रही आता मोठा झाला आहे. त्याला मिसरूड फुटले आहे. त्याच्याकडे आता कोणी बिस्किटाचा पुडा घेऊन येत नाही. तो अजून झाडांना पाणी घालतो.

पुतणीचे काय झाले, ते ऐकायला तुम्ही उत्सुक असाल. ती परदेशी गेली नाही. पण तिने मला चोख प्रश्न विचारला, "काकाजी, तुम्हाले वझ्झर जवळ आहे. मी पुण्याहून दर महिन्याला कशी येऊ?" मी म्हटले, तू येऊच नको. तुझ्या खोलीपासून एका बसमध्ये पोहोचता येईल असे ठिकाण शोध. तिने शोधले. आता ती पुण्यातच एका बालगृहात रविवारी मुलींना गोष्टी वाचून दाखवते. परवा फोनवर सांगत होती, दहा महिन्यांत माझे तीनच रविवार चुकले. मग जरा थांबली आणि म्हणाली, त्या तिन्ही रविवारांच्या तारखा एका मुलीने मला बोटांवर मोजून दाखवल्या. मी तिला काही बोललो नाही. तिला जे कळायचे ते कळले होते.

तरुण मित्रांनो, शेवटी चार व्यवहाराच्या गोष्टी. एक, कोणत्याही बालगृहात जाण्यापूर्वी ते नोंदणीकृत आहे का आणि मुले तिथे बालकल्याण समितीमार्फत आली आहेत का, हे विचारा. चांगली संस्था असे विचारल्याने रागावत नाही, उलट तुमचीच चौकशी करते, आणि ती तिने करावीच. दोन, मुलांचे फोटो मोबाईलवर फिरवू नका. संरक्षणाखालील मुलाची ओळख उघड करण्याला बालन्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाने बंदी आहे. आपल्या लेकराचा ओला चेहरा कोणी गावभर दाखवला तर आपल्याला चालेल का, एवढा विचार करा. तीन, एकट्याने जमत नसेल तर गटाने पाळी लावा. बारा जण असतील तर वर्षातून एकेकाच्या वाट्याला एकच शनिवार येईल असे मात्र करू नका. तेच तीन-चार चेहरे पुन्हा पुन्हा दिसले पाहिजेत. बाकीच्यांनी एस.टी.चे भाडे द्यावे, औषधाचा खर्च उचलावा. चार, तारीख पाळता येत नसेल तर तारीख देऊ नका.

बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा द्यावा, असे सांगितले होते. मी बँकेतला माणूस, मला हिशेबाशिवाय राहवत नाही. पैशाप्रमाणे वेळेचाही विसावा हिस्सा काढला तर वर्षाच्या ३६५ दिवसांतून अठरा दिवस होतात. महिन्यातून एक शनिवार म्हणजे बारा. अजून सहा दिवस माझ्याकडे बाकी निघतात. ही बाकी मी अद्याप फेडलेली नाही, हे आपल्या सर्वांसमक्ष कबूल करतो.

पुढचा दुसरा शनिवार जवळ आला आहे. सकाळची परतवाड्याची गाडी वलगावच्या फाट्यावर थांबते. ज्यांना यायचे असेल त्यांनी यावे. मात्र गाडीत चढण्यापूर्वी मी प्रत्येकाला एकच विचारणार आहे, की पुढच्या महिन्यातही येणार का?